मुकादमबाईंची पाठ

कुणी दुखणं घेऊन समोर उभं राहिलं की मुकादमबाई आधी नुसत्या बघायच्या. हातातलं काम तसंच चालू ठेवून चष्म्याच्या वरून एक नजर टाकायच्या. समोरच्याने खांदा धरलेला असो की कंबर दाबलेली, त्याचं सगळं सांगून होईपर्यंत एक अक्षर बोलायच्या नाहीत. मग म्हणायच्या, "झालं? आता जा जागेवर."

त्या धुलाई कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या, दिवसाला दोन-अडीच हजार. एका दाराने मळकी गाठोडी आत यायची, दुसऱ्या दाराने कोऱ्या कागदासारख्या घड्या बाहेर जायच्या. मधे सहा अजस्र ड्रम आणि एक लांबलचक गरम रोलर. ओली चादर रोलरच्या या तोंडाला लावायची, त्या तोंडाने ती कडक इस्त्री होऊन बाहेर. बाई बाविसाव्या वर्षी इथे ड्रमवर लागल्या होत्या. आता पन्नाशी उलटली होती आणि मुकादम होऊनच बारा वर्षं झाली होती. हाताखाली एकतीस माणसं. ती माणसं पाठीमागे त्यांना 'करवत' म्हणायची. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, राबणारे आणि कण्हणारे. लेक पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत त्यांनी ड्रममधून ओली गाठोडी उपसली होती, आणि ही गोष्ट कारखान्यात ऐकली नसेल असा माणूस नव्हता. घरी नवरा होता, तोही त्यांच्या लेखी बसून खाणाऱ्यांतलाच. तो एका वाचनालयात फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायचा. दिवसभर खुर्ची, खळ आणि दोरा. बाई त्याला कधी वाईट बोलल्या नाहीत, पण "दमलो" हा शब्द त्याने घरात कधी काढला नव्हता. काढायची सोयच नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ड्रमवरची एक उंच, अबोल बाई त्यांच्याकडे आली होती. पाठीतून पायात मुंग्या येतात म्हणाली. मुकादमबाईंनी रोजच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, "दुखण्याचं सोंग. काम टाळते." वर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "राणीसाहेबांना आता पालखी मागवायला हवी." तेव्हापासून तिचं नावच राणीसाहेब पडलं. तिला उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायच्या टेबलाशी उभं केलं. कारखान्यात त्याच्याइतकी हलकी जागा दुसरी नव्हती. तिथे जो गेला तो तिथेच राहिला.

बाईंची स्वतःची पाठ गेली ती अशाच एका तोऱ्यात.

चाळिशीचा एक ड्रमवाला नवीन लागला होता. धिप्पाड होता, पण कामाला सावकाश. ड्रममधून काढलेल्या ओल्या चादरी खोल ढकलगाडीत पडायच्या आणि गाडीच्या तळातून त्या उपसून रोलरकडच्या फळीवर टाकाव्या लागायच्या. तो दोन-दोन चादरी काढत होता. बाईंनी लांबून पाहिलं, नाक मुरडलं आणि तरातरा तिथे गेल्या.

"सरक. मोत्यांची माळ ओवतोयस का? बघ कसं उचलतात."

त्यांनी गाडीच्या कडेवरून आत झोकून घेतलं, दोन्ही हातांनी पंचवीसेक चादरींचं ओलं गाठोडं कवटाळलं आणि तसंच वळत उचललं. कमरेत काहीतरी सटकलं. आवाज झाला नसेलही, पण बाईंना तो ऐकू आला. मग डाव्या कुल्ल्यातून पायाच्या अंगठ्यापर्यंत तापलेली सळई कुणी ओढत न्यावी तसं झालं. गाठोडं गाडीत पडलं. बाई गाडीच्या कडेला धरून ओणव्याच राहिल्या. सरळ होता येईना, खालीही बसता येईना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रोलर थांबला, माणसं जमली.

"काय बघताय?" बाई जमिनीकडे तोंड करून म्हणाल्या. "आपापल्या जागा नाहीत का तुम्हाला?"

कुणी हललं नाही. शेवटी त्याच ड्रमवाल्याने आणखी एकाला हाताशी घेऊन त्यांना चादरीच्या झोळीत घालून बाहेर नेलं. तो एक शब्दही बोलला नाही, आणि ते बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

डॉक्टरांनी फोटो काढले. मणक्यांमधली गादी सरकून पायाच्या शिरेवर दाबली गेलीय म्हणाले. शस्त्रक्रियेची घाई नाही, औषधं घ्या आणि फिजिओथेरपी सुरू करा. बाईंनी तो शब्द नवऱ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे मालीश."

फिजिओचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. "कंबर गेलेल्यांना जिने चढवतात," बाई पहिल्याच पायरीवर म्हणाल्या. "आत शिरायच्या आधीच अक्कल कळली." वर एक मोठी खोली होती. भिंतीला आरसा, जमिनीवर चटया, कोपऱ्यात रंगीबेरंगी रबरी पट्ट्या, चेंडू, प्लास्टिकचे क्रेट. एक म्हातारा गृहस्थ भिंतीवर बोटांनी कोळ्यासारखा हात चढवत होता. एक सुतार रबराची पिवळी पट्टी ओढत होता आणि प्रत्येक ओढीला मनापासून मोजत होता. बाईंना वाटलं, आपण चुकून बालवाडीत आलो.

फिजिओ तिशीतला होता, किडकिडीत, चष्मेवाला, मृदू आवाजाचा.

"या मावशी, बसता येतंय का?"

"मी कुणाची मावशी नाही."

"बरं, बाई." त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "दुखतं कुठे, ते बोटाने दाखवा."

त्याने एक तास घेतला. पाय उचलायला लावले, टाचेवर चालवलं, अंगठा वर दाबून धरायला सांगितला. लघवी-शौचाला नीट होतं ना, बसायच्या जागी बधिरपणा नाही ना, हेही विचारलं. बाईंनी मान वळवली. "याचं उत्तर खरं द्या," तो म्हणाला. "यात काही बिघडलं तर माझ्याकडे यायचंच नाही, सरळ इस्पितळ गाठायचं, त्याच दिवशी." मग त्याने त्यांना पालथं झोपवलं आणि कोपरांवर छाती उचलायला सांगितली. एवढंच. दर दोन तासांनी दहा वेळा. आणि रोज चालायचं, आधी पाच मिनिटं, मग दहा.

"आणि औषध?"

"हेच. पायातलं दुखणं वर सरकत पाठीत आलं, तर ते सुधारतंय असं समजा, पाठ जास्त दुखली तरी. ते पायात खाली उतरायला लागलं तर थांबा आणि मला कळवा."

घरी येऊन बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "पोरगं बरं आहे, पण रबरवाला आहे. पालथं पडून मान वर करायला शिकवतो. सरडे काय फी देऊन शिकतात का?"

नवरा म्हणाला, "करून तर बघ."

"तू कर."

आश्चर्य म्हणजे त्याने खरंच केलं. चटई टाकून पालथा झाला, कोपरांवर उठला आणि तिथूनच म्हणाला, "माझ्या पाठीला तर बरं वाटतंय. खुर्चीत बसून बसून धरलेली असते." तीस वर्षांत त्याच्या पाठीचा विषय त्या घरात पहिल्यांदा निघाला होता. बाईंनी तो ऐकला न ऐकल्यासारखा केला.

व्यायाम त्यांनी केले ते मनाला येईल तेव्हा, कधी चारदा, कधी एकदा. तरीही तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याची आग कमी झाली, पोटरीपाशी थांबली. त्याच सुमारास मॅनेजरचा फोन आला. मॅनेजर गोड बोलायचा, इतकं गोड की ऐकणाऱ्याने आपले खिसे चाचपावेत.

"बाई, तुमच्याशिवाय इथे पान हलत नाही. नवीन हॉटेलचं काम आलंय. ही माणसं तर अगदी शेफारलीत. तुमच्यासारखी वाघीण घरात बसून राहते का? तुम्ही कामाला फिट असल्याचा कागद आपल्या कंपनीच्या डॉक्टरांकडून मी काढून ठेवलाय, तुम्ही फक्त या."

बाईंना त्याची गोडी कळत होती. या माणसाबद्दल त्यांचं मत नेहमीच वाईट होतं. त्याला ओली चादर आणि सुकी चादर हातात देऊन फरक विचारला असता तर त्याने मीटिंग बोलावली असती. पण वाघीण हा शब्द मात्र आत कुठेतरी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फिजिओला सांगितलं.

"कागदावर मी सही करणार नाही," तो म्हणाला.

"मागितली कुणी?"

"तीन आठवडेच झालेत. तुम्हाला अजून जमिनीवरचा रुमाल नीट उचलता येत नाही. तिथे काय काय उचलता, ते तरी सांगा."

"पडेल ते."

"किती किलो?"

"मोजत बसतात ते काम करत नाहीत."

त्याने हातातली वही मिटली. मग म्हणाला, "काही कारखान्यांत स्प्रिंगच्या गाड्या असतात. सामान काढत जाल तसा तळ आपोआप वर येतो, वाकावं लागत नाही. तुमच्याकडे नाहीत का?"

बाईंची मान क्षणभर ताठली. "नाहीत," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

कामावर पहिले दोन दिवस त्या उभ्याउभ्याच ओरडल्या आणि ओरडून बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रोलरजवळ एक उशीचा अभ्रा पडलेला दिसला. शंभर ग्रॅमचं कापड. बाई सवयीने गुडघे ताठ ठेवून वाकल्या आणि अभ्र्यासकट खाली गेल्या. यावेळी दुखणं थेट पावलापर्यंत उतरलं. चार माणसांनी उठवलं तेव्हा डावं पाऊल फरशीवर घासत होतं, वर उचललं जाईना. गाठोड्याने लोळवलं असतं तर सांगायला तरी बरं होतं. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात, आणि तेही एका अभ्र्यापायी.

डॉक्टर यावेळी कडक बोलले. पावलाची ताकद आणखी गेली तर चिरफाड करावी लागेल. पंधरा दिवस वाट बघू, पण फिजिओ सांगेल ते सगळं करायचं. बाई पुन्हा जिने चढल्या. एकेक पायरी, कठड्याला धरून, मागे नवरा. फिजिओ "मी सांगितलं होतं" असं म्हणेल, या तयारीत त्या होत्या, उत्तरही जुळवून ठेवलं होतं. तो म्हणालाच नाही. त्याने पाऊल तपासलं, वहीत आकडा लिहिला आणि म्हणाला, "पहिल्यापासून सुरू करू."

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं बाईंनी शेकडो वेळा ऐकलं होतं. मुंगी इतकी सावकाश चालते हे त्यांना तेव्हा कळलं. आता त्या दर दोन तासांनी पालथ्या होत, अगदी घड्याळ लावून. नवरा शेजारच्या चटईवर असायचा. पाचव्या दिवशी आग पावलातून पोटरीत आली, बाराव्या दिवशी मांडीत, आणि महिनाभराने कमरेत येऊन बसली. पाठ ठणकायची, तरी बाईंना तो ठणका बरा वाटायचा. पाऊल वर यायला लागलं होतं. अंगठा मात्र बधिर तो बधिरच राहिला.

मग काठी आली. फिजिओने एक लाकडी काठी त्यांच्या पाठीला उभी लावली. डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला, तिन्हीकडे ती टेकलेली राहिली पाहिजे, आणि तशीच ठेवून वाकायचं. वाकायचं ते कुल्ल्यातून, गुडघे थोडे सैल सोडून. बाईंना ते तीन दिवस जमलं नाही. तीस वर्षं वाकण्याचं काम करून त्यांना वाकता येत नव्हतं. बाजूच्या आरशात त्या स्वतःला बघत होत्या. काठी दरवेळी कमरेपासून सुटायची, पाठ कमानीसारखी गोल व्हायची. शेजारचा सुतार बघून न बघितल्यासारखं करत होता. आरशातल्या त्या अवघडलेल्या बाईबद्दल मुकादमबाईंना जेवढा तिटकारा वाटला तेवढा आजवर कुठल्याही कामचुकाराबद्दल वाटला नव्हता.

"हे आधी कुणी का नाही शिकवलं?" त्यांनी रागानेच विचारलं.

"तुमच्याकडे नवीन माणसाला कोण शिकवतं?"

बाईंनी काठी पुन्हा पाठीला लावली. शिकवायचं काम त्यांचंच होतं. त्या शिकवायच्या ते एका वाक्यात: बघ कसं उचलतात.

दहाव्या आठवड्यात क्रेटमध्ये वाळूच्या पिशव्या भरून उचलणं सुरू झालं. आधी तीन किलो, मग पाच, मग आठ. उचललेली वस्तू अंगाजवळ, वळायचं ते पावलांनी, कमरेला पीळ द्यायचा नाही. मग फिजिओ म्हणाला, "तुमची कामाची जागा मला बघायला हवी. त्याशिवाय परत जायचा कागद मी देत नाही."

बाईंनी खूप टाळलं. साहेबांना वेळ नाही, आत बाहेरच्यांना सोडत नाहीत, वाफेने तुम्हाला त्रास होईल. त्याने परस्पर मॅनेजरला फोन केला आणि एका मंगळवारी सकाळी खांद्याला पिशवी अडकवून हजर झाला. पिशवीतून त्याने टेप काढली आणि हुकाचा एक काटा. ड्रमवाल्याला म्हणाला, "त्या दिवशी बाईंनी उचललं होतं तेवढं गाठोडं बांधा." काट्यावर ते चोवीस किलो भरलं. मग त्याने गाडीचा तळ जमिनीपासून किती ते मोजलं, फळीची उंची मोजली, आणि ड्रमवाला एका तासात किती वेळा वाकतो ते भिंतीला टेकून उभं राहून मोजलं. एकशे चाळीस वेळा. माणसं कामं करत होती, पण सगळ्यांचे कान तिकडेच होते.

"इतक्या खोल गाड्या आणि त्याही साध्या," तो म्हणाला. "स्प्रिंगच्या घेतल्या तर निम्मा त्रास वाचेल. किमान या ड्रमपाशी तरी."

मॅनेजर म्हणाला, "बघू, पुढच्या वर्षी."

अभ्र्यांच्या टेबलावरून राणीसाहेब बोलली. मान वर न करता, हातातली घडी पूर्ण करत. "आहेत की. मागच्या खोलीत. चार वर्षं झाली."

फिजिओने बाईंकडे पाहिलं.

मॅनेजर लगेच म्हणाला, "हां, ते म्हणजे, मागवल्या होत्या एकदा. पण बाईच म्हणाल्या नको. मी त्यांच्या कामात लुडबूड करत नाही. वापरायच्या की नाही ते त्यांनी ठरवायचं." हा तोच माणूस, ज्याने चार वर्षांपूर्वी बाईंचं ऐकून हसत टाळी दिली होती. आता तो एक पाऊल बाजूला सरकून उभा होता, फरशीवर काही सांडलंय आणि आपल्या बुटांना लागू नये, असा. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि असल्या माणसाच्या 'वाघीण' म्हणण्यावर आपण भाळलो याची त्यांना शिसारी आली.

पण तो खोटं बोलत नव्हता. गाड्या आल्या त्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "ही लाडावलेल्यांची खेळणी इथे नकोत. उद्या चादरी स्वतःहून घड्या घालतील का विचाराल." आणि खोलीला कुलूप लावलं होतं. राणीसाहेबाची पाठ त्यानंतर वर्षभराने गेली होती.

"किल्ली माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "कुलूप मीच लावलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा नाहीत म्हणाले तेही खोटं होतं."

त्यांनी स्वतः जाऊन खोली उघडली. चार गाड्या होत्या, प्लास्टिकचं वेष्टनही न काढलेल्या, वर बोटभर धूळ. फिजिओने एक बाहेर ओढली, वेष्टन फाडलं आणि ड्रमवाल्याला ते चोवीस किलो आत टाकायला सांगितलं. तळ खाली गेला. त्याने एकेक चादर काढली तसा तळ वर येत राहिला, कमरेच्या उंचीवर. सगळ्यांनी पाहिलं. फिजिओने बाईंवर एकदा चष्म्याच्या वरून नजर टाकली. ती नजर बाईंच्या चांगल्या ओळखीची होती. आजवर त्या ती दुसऱ्यांना देत आल्या होत्या, समोरून मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी मान खाली घातली नाही. ती आपल्याला मिळायलाच हवी, असं त्यांना वाटलं.

कामावर परत जायचा कागद आला तो अटी घालून. पहिले दोन आठवडे दिवसाला चार तास, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, दर अर्ध्या तासाने जागा बदलायची. मग सहा तास, मग आठ. मॅनेजरला तो कागद वाचून जांभई आली. चार तासांची मुकादम त्याला नको होती, म्हणून त्याने बाईंना पूर्ण बऱ्या होईपर्यंत अभ्र्यांच्या हलक्या टेबलाशी पाठवलं. राणीसाहेबाच्या शेजारी.

पहिले तीन दिवस दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. बाईंच्या घड्या वाकड्या येत होत्या. इतकी वर्षं माणसांच्या घड्या तपासून त्यांचा स्वतःचा हात गेला होता. राणीसाहेब त्या वाकड्या घड्या उचलायची, मोडायची आणि नीट घालून आपल्या ढिगावर ठेवायची. चौथ्या दिवशी तिने पायानेच टेबलाखालचा एक लाकडी ठोकळा बाईंकडे सरकवला.

"एक पाय यावर ठेवा. थोड्या वेळाने दुसरा. पाठ कमी धरते."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तीन वर्षं उभी आहे इथे. शोधून काढलं."

बाईंनी पाय ठेवला. खरंच कमी धरत होती.

"मी तेव्हा वहीत चुकीचं लिहिलं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला. सगळ्यांना माहीत आहे."

"माझं चुकलं."

राणीसाहेबाने एक अभ्रा झटकला. "बाई, तुमची पाठ गेली म्हणून तुम्हाला कळलं. गेली नसती तर मी अजून नाटकीच होते ना? मग मला सांगून काय उपयोग?"

त्या दुपारी बाई मॅनेजरच्या खोलीत गेल्या आणि राणीसाहेबासाठी कामावर इजा झाल्याचा अर्ज मागितला. मॅनेजर म्हणाला, तीन वर्षं झाली, मुदत संपली. बाई म्हणाल्या, "मुदत कुणामुळे संपली ते मी लिहून देते, सहीसकट." त्यांनी सगळं लिहून दिलं: त्या दिवशीची तक्रार, स्वतः वहीत काय लिहिलं ते, मागच्या खोलीचं कुलूप. मॅनेजरने तो कागद दोन बोटांत धरून वरच्या ऑफिसात पाठवला, तोही बाई समोरून हलल्या नाहीत म्हणून. दोन महिन्यांनी राणीसाहेबाचा फिजिओथेरपीचा खर्च मंजूर झाला. बाकी काही नाही. ती बुधवारी अर्धी सुट्टी घेऊन तिथे जायला लागली. फिजिओने तिला स्पष्ट सांगितलं की वेळेत आली असती तर बरंच सुधारलं असतं, आता थोडं सुधारेल. तिने हे बाईंना सांगितलं ते जसंच्या तसं, टेबलावरची धूळ पुसता पुसता. त्यानंतर त्या दोघी कामापुरतं बोलायच्या. कुणी त्याला मैत्री म्हटलं नसतं.

पाचव्या महिन्यात बाई पुन्हा मुकादम झाल्या. जिभेची धार गेली नव्हती, पण आता ती वेगळ्याच माणसांवर चालायची. जो गाडीत ओणवा होऊन चादरी उपसेल त्याची खैर नव्हती. "कुल्ल्यातून वाक, कुल्ल्यातून. मर्दानगी दाखवायची तर बाहेर जाऊन दाखव, इथे चादरी आहेत." कुणी पाठ धरून आलं की त्या चष्म्यावरून बघायच्या ते पूर्वीसारखंच, पण मग विचारायच्या, "दुखणं पायात उतरतं का? कुठपर्यंत?" आणि त्याच दिवशी जिने चढायला पाठवायच्या. मॅनेजरने एकदा सुचवलं की बायका आजकाल फार सुट्ट्या मागतात, जरा वहीत नोंद करा. बाई म्हणाल्या, "वही तुमच्या टेबलावर ठेवलीय. तुम्हीच लिहा, खाली सही करा. मी साक्षीला उभी राहते." त्याने परत विषय काढला नाही.

फिजिओकडची शेवटची भेट एका पावसाळी दुपारी होती. बाईंनी बारा किलोचा क्रेट जमिनीवरून उचलून फळीवर ठेवला, पावलांनी वळून, दहा वेळा. त्याने अंगठ्याला कापूस लावून विचारलं, कळतंय का. नव्हतं कळत. तो म्हणाला, हे कदाचित असंच राहील, आणि पंधरा किलोच्या वर आता कधीच नाही, व्यायाम मात्र जन्मभर. बाई म्हणाल्या, "बरं." मग तो टेबलावर कोपरं टेकून, मान पुढे काढून, त्यांचा शेवटचा कागद लिहायला बसला. बाई थोडा वेळ त्याच्या त्या गोल पाठीकडे बघत राहिल्या.

"तुम्ही सकाळपासून असेच बसता का?" त्यांनी विचारलं.

"का?"

"दहा वर्षांनी माझ्यासारखे जिने चढाल. आणि लिफ्ट तुम्ही अजून बसवलेली नाही."

त्याने खुर्ची पुढे ओढली, पाठ टेकवली आणि पुढची ओळ सरळ बसून लिहिली. बाई कागद घेऊन खाली उतरल्या. खाली नवरा छत्री घेऊन उभा होता. त्याने विचारलं, काय म्हणाला. बाईंनी कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात तुझी वेळ घेतलीय. मान दाखवून ये."